लॅब्रॅडॉर की डॅशुंड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही जाती लोकप्रिय, दोघांचेही डोळे माणसाला पाघळवणारे आणि बाकी जवळपास काहीच सारखं नाही. तरी अनेक घरांत वाद अडतो तो नेमका या दोघांवर. एकाला मोठा, मायाळू लॅब हवा असतो. दुसरा म्हणतो, आखूड पायांचा, लांब पाठीचा डॅशुंड आणू, छोटा आहे, सांभाळायला सोपा जाईल. खालची बरीच उत्तरं या दुसऱ्या समजुतीला धक्का देणारी आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

आकार सोडला तर दोघांत खरा फरक काय?

कामाचा. लॅबचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राबायचे. दोर ओढून आणणं, गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी टाकून पकडणं, अशी त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात हे कुत्रे ब्रिटनमध्ये गेले आणि तिथल्या माल्म्सबरी आणि बक्लू या उमराव घराण्यांनी त्यांना शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी जोपासलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1903 मध्ये जातीला मान्यता दिली. या कामात कुत्र्याकडून काय अपेक्षा असते ते बघा. बंदुकीचा बार झाला तरी जागचं हलायचं नाही. पक्षी कुठे पडला ते डोक्यात ठेवायचं. मालकाने खूण केली की निघायचं, पक्षी अलगद तोंडात धरायचा आणि आणून हातात द्यायचा. म्हणजे पावलोपावली माणसाकडे बघायचं.

डॅशुंडचं बरोबर उलटं. जर्मनीत तो तयार झाला बॅजरच्या बिळात शिरण्यासाठी. बॅजर हा चांगला दहा-बारा किलोचा, मजबूत जबड्याचा आणि लांब नखांचा प्राणी. अंधाऱ्या बिळात तो समोर उभा ठाकला की वर जमिनीवर उभा असलेला मालक कुत्र्याला काही सांगू शकत नाही. पुढे जायचं, मागे सरायचं की तिथेच पाय रोवून भुंकायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. भुंकणंसुद्धा कामाचाच भाग होता, कारण त्या आवाजावरून वरच्या माणसाला कुठे खणायचं ते समजायचं. असे कुत्रे पिढ्यानपिढ्या निवडले गेले, आणि 1888 मध्ये जर्मनीत या जातीचा स्वतःचा क्लबही उभा राहिला.

थोडक्यात, लॅब तुम्हाला विचारून करतो. डॅशुंड करून मोकळा होतो आणि मग तुम्हाला कळवतो. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच फुटतात.

घर लहान आहे. मग डॅशुंडच बरा ना?

असं नाही. पुरेसा फिरवलेला मोठा लॅब घरात दिवसाचा बराच वेळ अंग टाकून झोपलेला असतो. त्याला लांबरुंद घर लागत नाही, आडवं पडायला जागा आणि रोज बाहेरची मोकळीक लागते. फक्त त्याच्या शेपटीच्या उंचीवर कपबशा, फुलदाण्या, मोबाइल ठेवू नका. खूश झालेला लॅब वळला की टेबल एका फटक्यात साफ होतं.

लहान घरात डॅशुंडची अडचण वेगळीच असते. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल तर त्याचा आवाज. छाती खोल असल्यामुळे त्याचं भुंकणं देहाच्या मानाने फारच भारदस्त येतं. दाराची बेल, लिफ्टचा आवाज, जिन्यातली पावलं, खिडकीवर बसलेला पक्षी, प्रत्येकाची दखल घेतली जाते. सवय लावून हे कमी करता येतं, बंद करता येत नाही. दुसरी अडचण जिन्याची, कारण चढ-उतार त्याच्या लांब पाठीला सोसत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर राहत असाल तर दिवसातून चार वेळा त्याला उचलून खाली-वर न्यायची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

व्यायाम किती लागतो?

मोठ्या, तब्येतीने ठीक असलेल्या लॅबला रोज दीड-दोन तास, आणि त्यातला काही वेळ पळणं, पोहणं किंवा फेकलेली वस्तू आणून देणं असं अंगमेहनतीचं. नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं की त्याचं पोट भरत नाही. हा हिशोब चुकला की उरलेली ताकद सोफ्यावर, चपलांवर आणि दाराच्या चौकटीवर निघते. लोक म्हणतात, कुत्रा खोडकर आहे. बहुतेक वेळा तो नुसता कंटाळलेला असतो.

डॅशुंडला साधारण तासभर, तोही दोन-तीन फेऱ्यांत विभागून. मिनिएचर, म्हणजे या जातीचा लहान आकाराचा प्रकार, असेल तर त्याहून कमी चालतं. पण कडेवर घेऊन फिरवणं म्हणजे फिरणं नव्हे. पाठीला आधार देणारे स्नायू चालण्यानेच तयार होतात. शिवाय त्याला हुंगायला वेळ द्या. डॅशुंडची फेरी किलोमीटरमध्ये मोजू नये. एका झुडपापाशी तो पाच मिनिटं उभा राहिला तर त्याचं काम चालू आहे असं समजा.

कडक उन्हात दोघांनाही बाहेर काढू नका. लॅब चेंडूच्या नादात स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे त्याला उष्माघाताचा धोका जास्त. डॅशुंडचं पोट तापलेल्या जमिनीच्या अगदी जवळ असतं.

घरात लहान मुलं आहेत. कोण बरा?

सर्वसाधारणपणे लॅब. कुत्र्यांच्या वागणुकीवर 2008 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेला. माणसांवर आक्रमक होण्यात त्यात वरच्या क्रमांकांवर आले डॅशुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर, आणि लॅब तळाच्या गटात होते. मोठ्या कुत्र्यांना घाबरणाऱ्यांना हे पटत नाही, पण कारण साधं आहे. छोट्या कुत्र्याचं गुरगुरणं लोक हसण्यावारी नेतात, व्हिडिओ काढतात. मोठ्याचं कोणी चालवून घेत नाही.

तरी लॅब म्हणजे आया नव्हे. वर्षभराचा लॅब तीस किलोंचा असतो आणि त्याला आपल्या वजनाची काही कल्पना नसते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तो प्रेमाच्या भरात पाडतो. पिल्लू असताना तर हातापायांना दात लावतच हिंडतो. मुलांना ओरखडे येतात, मुलं रडतात, आणि "कुत्रा चावरा निघाला" म्हणून फोन येतात. दात येण्याचा हा काळ साधारण सहा-सात महिन्यांत संपतो.

डॅशुंड आणि लहान मुलं यांचं बिनसतं ते बहुतेकदा उचलण्यावरून. मूल त्याला काखेखाली धरून उचलतं, मागचा भाग लोंबकळतो, पाठ ताणली जाते, दुखतं आणि कुत्रा चावतो. यात त्याची चूक शोधू नका. सात-आठ वर्षांच्या पुढची, सांगितलेलं ऐकणारी मुलं असतील तर डॅशुंड त्यांचा जिवाभावाचा सवंगडी होतो. रांगणारं मूल असेल तर थांबा. आणि जात कुठलीही असो, लहान मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडायचं नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्या सोबतीला कोणता?

तरुण लॅब नको. खार किंवा मांजर दिसलं की तो पट्ट्यासकट झेपावतो आणि धरणारा माणूस पडतो. त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. डॅशुंड ताकदीने झेपतो, पण पायात घोटाळतो, आणि त्याला खाली वाकून उचलावं लागतं. कंबरदुखी असणाऱ्याने याचा विचार करावा.

या प्रश्नावर एक तिसरं उत्तर मला सर्वांत पटतं. सहा-सात वर्षांचा, शहाणा झालेला, पट्ट्यात नीट चालणारा मोठा कुत्रा दत्तक घ्या, दोन्हींपैकी कुठल्याही जातीचा.

शिकवायला कोण सोपा?

लॅब, वादच नाही. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांमध्ये आणि वासावरून शोध घेणाऱ्या पथकांत लॅब इतके दिसतात याचं कारण हेच. त्याला माणसाबरोबर काम करायला आवडतं आणि खाऊसाठी तो काहीही करतो.

डॅशुंड मठ्ठ आहे असं मात्र समजू नका. त्याला सगळं समजतं. तुम्ही सांगितलेलं करण्यात आपला फायदा काय, याचा तो आधी विचार करतो. त्याच्यासाठी शिकवणीचा वेळ छोटा ठेवा, तीन-चार मिनिटांचा. खाऊ चांगला द्या. तीच आज्ञा दहा वेळा घोकून घेऊ नका, तिसऱ्यांदा तो उठून निघून जाईल. ओरडलात तर तो घाबरण्याऐवजी हटून बसतो. बिळात बॅजरसमोर न डगमगणारा कुत्रा तुमच्या आवाजाने काय डगमगणार!

शी-शू बाहेर करायची सवय लावणं हा डॅशुंडच्या मालकांचा कायमचा विषय. पिल्लू असताना दोन-दोन तासांनी, झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं, आणि काम झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्यायचा. घरात येऊन दिलेला खाऊ त्याच्या हिशोबी घरात आल्याबद्दलचा असतो. पावसाळी दिवशी मोठे डॅशुंडही दारातून परत फिरतात, कारण पोट ओल्या गवताला लागतं. आडोशाखाली एखादी कोरडी जागा ठरवून ठेवली की भांडण मिटतं.

डॅशुंडच्या पाठीबद्दल ऐकलं, ते खरंच इतकं गंभीर आहे?

हो. ही जात घेणार असाल तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

डॅशुंडचे आखूड पाय हा एका जनुकीय बदलाचा परिणाम आहे. एफजीएफ-4 नावाच्या जनुकाची एक जादा प्रत त्याला कारणीभूत असल्याचं 2009 मध्ये समोर आलं. 2017 मध्ये याच जनुकाची आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली आणि तिचा संबंध थेट मणक्यांमधल्या चकत्यांच्या आजाराशी निघाला. मणक्यांच्या मध्ये असणाऱ्या या गादीसारख्या चकत्या अशा कुत्र्यांत फार लवकर, अगदी पहिल्या वर्षातच, कडक व्हायला लागतात. पुढे एखाद्या दिवशी चकती फुटते आणि तिच्यातला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. वेगवेगळ्या अभ्यासांत पाचातल्या एकापासून चारातल्या एका डॅशुंडपर्यंत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झाल्याचं दिसतं. बहुतेकदा वय असतं चार ते सात, म्हणजे ऐन उमेदीचं.

लक्षणं अशी: नेहमी उडी मारून चढणारा कुत्रा सोफ्यापुढे नुसता उभा राहतो. पाठ कमानीसारखी वर काढतो. उचलताना कळवळतो. मान खाली घालून चालतो. मागचे पाय लटपटतात, पंजा उलटा पडतो, नखं जमिनीवर घासल्याचा आवाज येतो. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. मागचे पाय लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर रात्र असली तरी निघा. अशा वेळी शस्त्रक्रियेचा उपयोग व्हायचा तर तासांचा फरक पडतो. "दोन दिवस बघू" म्हणून थांबू नका, आणि माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. कुत्र्यांना त्यातल्या अनेक विषारी असतात.

जनुकं बदलता येत नाहीत, पण बाकी पुष्कळ काही हातात आहे. पहिलं, वजन. डॅशुंडच्या अंगावरचा एक जादा किलो हा त्याच्या वजनाचा दहावा हिस्साही असू शकतो आणि तो सगळा त्या लांब पाठीवर येतो. दुसरं, पलंग आणि सोफ्याला उतरती फळी लावा, पायऱ्या नकोत, सपाट आणि न घसरणारी. गुळगुळीत फरशीवर सतरंजीच्या पट्ट्या टाका. तिसरं, गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा.

आणि उचलण्याची पद्धत. एक हात पुढच्या पायांच्या मागून छातीखाली, दुसरा हात मागच्या भागाखाली, मग दोन्ही हात एकदम वर. पाठ जमिनीला समांतर राहिली पाहिजे. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात काढायचे नाहीत. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा, हे करून दाखवा. उन्हाळी सुट्टीत आलेली भाचरंडं विशेषतः.

लॅब सतत भुकेलाच का असतो? नाटक करतो का?

नाटक नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्याशी या जनुकाचा संबंध आहे. त्यांनी तपासलेल्या लॅबपैकी साधारण पाव भागात हा बदल होता. मदतनीस म्हणून काम करणाऱ्या लॅबमध्ये त्याचं प्रमाण तर कितीतरी जास्त निघालं. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा लवकर शिकतो, म्हणून बहुधा नकळत तेच निवडले गेले असावेत. त्याच गटाच्या 2024 मधल्या कामातून आणखी एक कळलं: असा बदल असलेले लॅब दोन जेवणांच्या मध्ये जास्त भुकेले असतात आणि आराम करताना त्यांच्या शरीरात ऊर्जाही कमी खर्च होते. दुहेरी मार.

तेव्हा त्याच्या नजरेवर जाऊ नका. माप वापरा, तेही वाटी किंवा मूठ नव्हे, स्वयंपाकघरातला वजनकाटा. शिकवताना दिलेला खाऊ दिवसाच्या मापातूनच वजा करा. आणि घरात एकाच माणसाकडे खाणं सोपवा किंवा फ्रिजवर कागद लावा. नाहीतर सकाळचं जेवण तीन जण तीनदा घालतात आणि लॅब कोणालाही खरं सांगत नाही.

वजन ठीक आहे का, हे हाताने तपासा. मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. लॅबच्या बरगड्या इतक्या वर आलेल्या लागल्या तर तो बारीक आहे. आता बोटं सरळ करून तळहात खाली ठेवा आणि त्याच्या वरच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर उत्तम. तळहाताच्या गुबगुबीत भागासारखं लागलं तर खाणं कमी करा. हीच तपासणी डॅशुंडलाही चालते.

याला एवढं महत्त्व का? 48 लॅबवर एक अभ्यास त्यांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत चालला. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. 2002 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा कमी खाणारे कुत्रे सुमारे दोन वर्षं जास्त जगल्याचं दिसलं, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले होते. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

लॅबच्या घरात कांदा, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगगम उंचावर आणि झाकणबंद ठेवा. कचऱ्याचा डबाही. मोजे गिळणारे लॅब ही पशुवैद्यांच्या ओळखीची गोष्ट आहे.

लॅबला आजार कमी असतात का मग?

नाही. खुबा आणि कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ हा त्याचा मोठा प्रश्न. पिल्लूपणी काळजी घेता येते. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, ज्यात लॅबही होते, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे बागेत सोडा, जिन्यावर नको, आणि वर्षाचा होईपर्यंत त्याला सायकलबरोबर पळवू नका.

कानांकडेही लक्ष हवं. लोंबते कान आणि पाण्याचं वेड, त्यामुळे पोहून आला की कान कोरडे करायचे.

नसबंदी कधी करायची हे दोन्ही जातींत पशुवैद्याशी बोलून ठरवा, घाई नको. फार लवकर केलेल्या नसबंदीचा लॅबमध्ये सांध्यांच्या आणि डॅशुंडमध्ये पाठीच्या आजाराशी संबंध दिसला आहे.

केस कोणाचे जास्त गळतात?

लॅबचे. वर्षभर थोडे आणि वर्षातून दोनदा ढीगभर. काळे कपडे आणि पिवळा लॅब एकत्र नांदत नाहीत.

डॅशुंडमध्ये तीन प्रकार. गुळगुळीत केसांच्याला ओला कपडा फिरवला तरी भागतं. लांब केसांच्याला दर दोन-तीन दिवसांनी विंचरावं लागतं, विशेषतः कानांमागे. खरखरीत केसांच्याचे जुने केस वर्षातून दोन-तीनदा हाताने उपटून काढावे लागतात. ते दुखत नाही, पण शिकून घ्यावं लागतं. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर यातला कुठलाच प्रकार सुरक्षित धरू नका. त्या माणसाला आधी कुत्र्याच्या घरी जाऊन दोन-चारदा बसू द्या.

राखण कोण करेल?

डॅशुंड सांगेल की कोणीतरी आलं आहे. लॅब त्याला आत घेईल.

दिवसभर घरी कोणी नसतं. चालेल?

दोघांनाही चालणार नाही. सवय झालेला मोठा कुत्रा सलग चारेक तास राहतो. पिल्लू तेवढंही नाही. एकटेपणात लॅब वस्तू फाडतो, डॅशुंड भुंकतो नाहीतर गादी खणतो. मध्ये येऊन फिरवणारं विश्वासाचं कोणी असेल तर विचार करा, नसेल तर सध्या कुत्रा नकोच. हे उत्तर कोणाला आवडत नाही, पण याच कारणाने परत दिलेले कुत्रे फार आहेत.

घरात मांजर आहे. ससाही आहे.

मांजर दोघांशी जमवून घेते, पिल्लूपणापासून एकत्र असतील आणि मांजरीला उंचावर पळून बसायला जागा असेल तर. ससा, हॅमस्टर, गिनी पिग असतील तर डॅशुंड आणू नका. लहान प्राण्यामागे लागणं त्याच्या हाडीमाशी आहे, आणि पिंजऱ्याच्या दारापाशी तो तासन्‌तास बसून राहतो.

जातीवरून स्वभाव खरंच कळतो का?

एका मर्यादेपर्यंतच. 2022 मध्ये हजारो कुत्र्यांच्या जनुकांचा आणि मालकांच्या उत्तरांचा मेळ घालणारा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागणुकीतला फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास फरक जातीने स्पष्ट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे आळशी लॅब असतात, शांत डॅशुंड असतात. मग वर इतकं लिहिलं कशाला? कारण पिल्लू निवडताना हातात दुसरं फार काही नसतं. आणि शरीराबाबत जात बरंच खात्रीने सांगते. पाठ, सांधे, वजन, आवाज, केस यांत फारसे अपवाद निघत नाहीत. शक्य असेल तर पिल्लाचे आई-बाप भेटून बघा. आईचा स्वभाव जातीच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो.

कोणता रंग घ्यावा?

लॅबचे मान्य रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी. तिन्ही एकाच वेतात जन्मू शकतात आणि स्वभावाचा रंगाशी संबंध जोडण्यात अर्थ नाही. मात्र ब्रिटनमधल्या 2018 च्या एका अभ्यासात चॉकलेटी लॅबचं आयुष्य इतरांपेक्षा वर्षाहून अधिक कमी आढळलं. कान आणि त्वचेचे आजारही त्यांच्यात जास्त होते. रंगापायी मोजक्याच कुत्र्यांचं आपसांत प्रजनन केल्याचा हा परिणाम असू शकतो. "सिल्व्हर" वगैरे दुर्मिळ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

डॅशुंडमध्ये ठिपकेदार, ज्याला डॅपल म्हणतात, तो दिसायला सुंदर असतो. पण आई आणि बाप दोघेही डॅपल असतील तर काही पिल्लं आंधळी किंवा बहिरी जन्मण्याचा मोठा धोका असतो. हे माहीत असून जो अशी जोडी लावतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

ब्रीडरकडे गेल्यावर काय विचारायचं?

आधी आई दाखवायला सांगा, पिल्लांबरोबर, ती राहते त्या जागी. "आई दुसरीकडे आहे" हे उत्तर आलं की निघायचं. लॅबसाठी आई-बापांच्या खुब्या-कोपरांचे एक्स-रे अहवाल, डोळ्यांची तपासणी आणि व्यायामाने कोसळण्याच्या आनुवंशिक आजाराची चाचणी मागा. डॅशुंडसाठी आजी-आजोबांपर्यंत पाठीचा त्रास कोणाला झाला का, ते विचारा. काही देशांत पैदाशीच्या डॅशुंडच्या मणक्यांचे एक्स-रे काढून कडक झालेल्या चकत्या मोजतात, तसा अहवाल असेल तर फारच छान. पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी उचलू नका. "टीकप", "एक्स्ट्रा मिनी" असले शब्द ऐकले तर सावध व्हा. मिनिएचर डॅशुंड हा मान्य प्रकार आहे, त्याहून चिमुकलं करून विकणं ही जाहिरात आहे. आणि चांगला ब्रीडर तुम्हालाच जास्त प्रश्न विचारतो. दिवसा घरी कोण असतं, याचं उत्तर द्यायला तयार राहा.

आयुष्य किती?

लॅब साधारण 12 वर्षं, डॅशुंड बहुतेकदा त्याहून थोडा जास्त. वजन आटोक्यात ठेवलं तर दोघेही सरासरीच्या पुढे जातात.

दोघेही आणले तर?

एकदम दोन पिल्लं नकोत. ती एकमेकांत रमतात आणि तुमचं ऐकत नाहीत. आधी एक आणा, तो दोन वर्षांचा, शिकलेला होऊ द्या, मग दुसरा. जोडी जमते चांगली, बहुतेक घरांत कारभार डॅशुंडच्या हातात जातो. धोका खेळण्यातला आहे. तीस किलोंच्या लॅबने प्रेमाने पाठीवर टाकलेला पंजा डॅशुंडला महागात पडू शकतो. त्यांचा दंगा जमिनीवर, तुमच्या नजरेसमोर आणि थोडाच वेळ. जेवणाची भांडी वेगळ्या खोल्यांत, दार लावून. नाहीतर डॅशुंड उपाशी आणि लॅब जाडा.

घरात एकमत होत नाही. कोणाचं ऐकायचं?

सकाळी उठून कुत्र्याला बाहेर नेणार त्याचं. मुलं "आम्ही नेऊ" म्हणतात, त्यावर महिनाभराची परीक्षा घ्या. अजून कुत्रा आलेला नसताना ठरलेल्या वेळी उठून रोज चालून यायचं, पाऊस असला तरी. लॅबसाठी सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढंच, डॅशुंडसाठी वीस-वीस मिनिटं तीनदा. महिनाअखेर कोण अजून उठतंय ते बघा आणि त्या माणसाला विचारा.